बालघर कुणाच्या हाती

बाई,

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आज लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता अठरा पावसाळे गेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मिस्त्री, कारणं सांगू नका, काय झालं ते सांगा." तेच सांगायला बसलो आहे. पण माझी शाळा तिसरीत सुटली, हात करवतीला सरावलेला, टाकाला नाही. एक ओळ लिहायची, मग ती बरोबर आहे का ते वाचायचं, मग पुढची. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. तुम्ही हयात नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. कोपरा फाडलेलं कार्ड तुमच्या भावांनी मलाच पाठवलं होतं आणि ते मी बालघराच्या दारात उभ्या उभ्या वाचलं होतं. तेव्हा म्हातारा भ्रमिष्ट झाला असं मनात आणू नका. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, एवढंच.

आत्ता दुपार आहे. मुलं घरी गेली. मुलांचं खाणंपिणं बघणारी मावशी मागच्या बाजूला भांडी घासते आहे. वर पत्रा वाजत होता, म्हणून मध्येच उठून पाहून आलो, एखादा खिळा सुटला की काय. वाराच होता. मग कडी लावली आहे का ते पाहिलं. लावली होती. तुम्हाला माझा हा स्वभाव माहीत आहे. वय झालं तसा तो कमी होईल असं वाटलं होतं, तो वाढलाच.

तुम्ही मला पहिल्यांदा बोलावलंत तो दिवस अजून समोर दिसतो. धरणाचं काम संपून पाच-सहा वर्षं झालेली. मजूर पांगले होते, वलवणच्या कडेला सिमेंटचं गोदाम तेवढं रिकामं पडलेलं. सिमेंटला ओल लागू नये म्हणून त्याला फळ्यांची जमीन घातली होती, ती मीच घातली होती, धरणावर सुतार असताना. तुमचे भाऊ लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत, तुम्ही पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आलेल्या, पांढरं लुगडं, हातात छत्री. त्याच गोदामात तुम्ही लहान मुलांसाठी बालघर काढायला घेतलं होतंत. म्हणालात, एक कपाट करून द्या. मी चांगलं पुरुषभर उंच कपाट केलं, दोन दारं, वर खिटी. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही कपाटाभोवती एक फेरी मारलीत आणि दाराशी खेळत असलेली रेल्वेच्या गँगवाल्याची तीन वर्षांची मुलगी हाताला धरून आणलीत. तिला म्हणालात, वरची पाटी काढ. ती टाचा उंचावते आहे, बोटं ताणते आहे, खिटीपर्यंतसुद्धा हात पोचत नाही, शेवटी ती कपाटाला लाथ मारते आणि रडू लागते.

"हे कपाट कुणासाठी केलंत, मिस्त्री?"

"सामान नीट राहावं, बाई. पोरं मोडतील."

"मी सामानासाठी शाळा काढलेली नाही."

मला राग आला होता. सागवान होतं ते. पण तुम्ही सुतळी घेतलीत, एकेका मुलाला उभं केलंत आणि प्रत्येकाच्या खांद्याशी सुतळीला गाठ मारायला मला लावलंत. पाय कापून कपाट बुटकं केलं, दारं काढून टाकली, तरी ते खोल झालं म्हणून तिसऱ्यांदा उसकटायला लावलंत. पाट, चौरंग, केरसुणीचा दांडा, पाण्याच्या माठाची घडवंची, सगळं त्या सुतळीच्या मापानं झालं. चौरंगाचं एक माप मात्र तुम्ही वेगळंच दिलंत. मी विचारलं, लाकूड इतकं पातळ का, टिकायचं नाही. तुम्ही म्हणालात, चार वर्षांच्या दोन मुलांना मिळून उचलता आलं पाहिजे, जिथे ऊन असेल तिथे नेता आलं पाहिजे. मग ते दहा भोकांचे ठोकळे आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, एकापेक्षा एक जाड. त्यावर तर मी महिना घालवला. मुलांना सोपं जावं म्हणून मी शिसपेन्सिलीनं प्रत्येक दट्ट्यावर आणि भोकावर आकडा टाकला. तुम्ही ते आकडे ओल्या फडक्यानं पुसलेत. "चुकू द्या त्याला. दट्ट्या बसला नाही की लाकूडच त्याला सांगेल. तुम्ही आणि मी गप्प बसायचं." सुताराला यापेक्षा सोपं करून कुणी काय सांगणार. मी त्या दिवसापासून तुमचा झालो, हे तुम्हाला मी कधी बोललो नाही.

गावाला पटवायचं काम त्याहून अवघड होतं. मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले होते. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला धरून. आबा, ज्यांची ओढ्याकाठची सगळी खाचरं, ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाई, साळा सा वर्साच्या पोराला आसती. तीन वर्साच्या पोराला तुमी काय शिकीवणार? मुतायला?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, "हो आबा, तेसुद्धा. कुठे जायचं आणि हात कसे धुवायचे, ते कुणीतरी शिकवायलाच लागतं. तुम्हालाही कुणीतरी शिकवलं असेल." आता बायका हसल्या, पदर तोंडाला लावून. मग तुम्ही पुरुषांकडे पाठ केलीत आणि बायकांना विचारलंत, भातलावणीत तुमची लहान मुलं कुठे असतात? आदल्या वर्षी लावणीच्या दिवसांत बांधावर इरल्याखाली निजवलेलं एक मूल घसरत ओढ्यात गेलं होतं. त्याची आई तिथेच बसली होती. ती खाली बघून म्हणाली, "कुटं आसणार बाई. बांधावर." एवढंच.

सरकारी शाळेला लावणीत सुट्टी असायची. तुम्ही म्हणालात, आपलं बालघर लावणीतच पहाट फुटताच उघडेल, आणि बायका खाचरातून वर येईपर्यंत बंद होणार नाही. मला धडकी भरली. एवढ्या पोरांना दोघांनी कसं आवरायचं? पण तुमच्या डोक्यात ते आधीच होतं. आमच्याकडे लावणीला बायका सावडीनं राबतात, आज सगळ्या मिळून माझं खाचर लावायचं, उद्या तुझं. तुम्ही म्हणालात, रोज दोन बायका खाचरात न जाता बालघरात पाळीनं थांबतील, आणि त्यांचं खाचर बाकीच्यांनी लावायचं. मूल सांभाळणं हीसुद्धा सावडच. आबा म्हणाले, "बसून खाणाऱ्या बाईची सावड कोण धरंल?" त्यावर ती ओढ्यात मूल गेलेली आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "म्या धरीन." तिच्यामागे मग एकेक उठल्या. तुम्ही पुण्याहून शिकून आलेल्या, पण सावडीचं ते तुम्ही इथलंच उचललंत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, बाईंना जादू येते.

तुमचा एक ओरडा माझ्या लक्षात राहिला आहे. खरं तर तो ओरडा नव्हताच. चार वर्षांचा एक पोरगा माठातून ओगराळ्यानं पाणी घेऊन तांब्यात ओतत होता. निम्मं बाहेर. त्याची जीभ बाहेर आली होती, डोळे तांब्याच्या तोंडावर खिळलेले. मला ते बघवेना. मी पटकन त्याच्या हातातून ओगराळं घेतलं आणि तांब्या भरून दिला. पोरानं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून निघून गेला. पाणी प्यालासुद्धा नाही. मुलं गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "मिस्त्री, तुम्ही रंधा मारताना मी येऊन तुमच्या हातातून तो घेतला तर?"

"काम बिघडंल बाई."

"मग त्याचंही बिघडलं. उद्यापासून मूल काही करत असलं की तुमचे हात मांडीवर."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. पाळीला आलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून म्हणतात, "मिस्त्री बग कसा बसलाय, बोहल्यावर बसल्यावानी." महिनाभर त्यांना हा खेळच झाला. एक तर रोज येऊन विचारायची, "नवरी कवा येनार?" पण हात मांडीवर ठेवायला मी शिकलो. जोडाक्षरंही तुम्हीच शिकवलीत मला, मुलं निजली की, ओल्या वाळूत बोटानं. हे पत्र लिहितो आहे ते त्या वाळूच्या जोरावर.

मग खोकला. नंतर ताप. तुम्ही म्हणायचात, हवा दमट आहे, उन्हाळ्यात बरं वाटेल. उन्हाळ्यातही बरं वाटलं नाही. भावांनी पुण्याला न्यायचं ठरवलं. लोणावळ्याच्या फलाटावर आपण उभे आहोत. घाटातून गाडी वर आली आहे आणि तिचं मागचं इंजिन सोडवेपर्यंत ती थांबणार आहे. तुम्ही खिडकीशी बसलात, शाल कानावरून घेतलेली. मी पिशवी आत दिली. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, मी येईपर्यंत बालघर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. आहे तसं सांभाळा." मी म्हणालो, "व्हय बाई." शिट्टी झाली. मी विचारायला हवं होतं, आणि नाही आलात तर? पण गाडीत बसलेल्या आजारी माणसाला असं कोण विचारतं? मी पिशवीचा बंद नीट बांधला आहे का तेवढं विचारलं. तुम्ही हसलात. दोन महिन्यांनी कार्ड आलं.

बाई, तेव्हापासून मी त्या वाक्यात अडकून पडलो आहे. तुम्ही "मी येईपर्यंत" म्हणालात. तुम्ही येणार नाही, म्हणजे ते कधी संपणारच नाही. पहिल्या वर्षी तुमच्या ओळखीच्या एक बाई पुण्याहून आल्या होत्या, चालवू का म्हणाल्या. मी म्हटलं, हुकूम नाही. त्या गेल्या. मुलगा कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात लागला, म्हणाला, बाबा, चला आता, खोली मिळाली आहे. गेलो नाही. पोरगी तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याच्या गावी दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणात मी भल्या सकाळी चालत निघालो, बाळाचं तोंड पाहिलं आणि भाकरीसुद्धा न खाता परत फिरलो, कारण दुसऱ्या दिवशी बालघर उघडायचं होतं आणि किल्ली माझ्या कमरेला होती. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमाला साळंनं बांधून ठिवलंय." मला तिचा राग आला. तिचं खरं होतं म्हणून आला असेल.

"आहे तसं सांभाळा" हे मी अगदी मनावर घेतलं. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या वर्षी गावात एक मोठं लग्न झालं. पंगतीला पाट कमी पडले, म्हणून मी बाजाराला गेलो असताना बालघरातून सगळे पाट आणि चौरंग नेले. लग्नघरात कुणाला काय कळणार, कोणते पाट पोरांचे! परत आले तेव्हा त्यांच्यावर हळद सांडलेली, एकाचा पाय मोडलेला, आणि दोन नव्हतेच. वऱ्हाडाबरोबर कान्ह्याला गेले होते. मी कान्ह्याला जाऊन नवऱ्या मुलाच्या घरातून ते मागून आणले. नवऱ्याची आई म्हणाली, "आगं बया, पाटासाटी मानूस आलंय!" लाज वाटली, पण पाट सोडले नाहीत. परत आलो, सुतळीनं मापं घेऊन प्रत्येक चौरंग तुम्ही ठेवला होता त्या जागी ठेवला, आणि चारी पाय खिळ्यांनी फळ्यांना ठोकून टाकले. बुटकं कपाटसुद्धा. पाट तेवढे दोरीत ओवले. मला त्या दिवशी अशी झोप लागली की विचारू नका. आता कुणी काही नेणार नाही. बाई आल्या तर सगळं जिथल्या तिथे दिसेल.

पुढे एक दट्ट्या हरवला, तेव्हा मला चार दिवस जेवण गेलं नाही. सापडला, पण मग मी ठोकळे डब्यात घालून आढ्याला टांगले आणि गुरुवारचे गुरुवार काढू लागलो, माझ्या देखत. सांगताना आता कसंसंच होतं. करताना वाटत नव्हतं. करताना वाटायचं, मी बाईंचा शब्द पाळतो आहे.

लावणीची सावडही तुमच्यानंतर काही वर्षं चालली. ओढ्यात मूल गेलेली ती बाई असेपर्यंत चालली, तिच्या धाकानं. ती गेली. मग बायका लोणावळ्याला बंगल्यांवर कामाला जाऊ लागल्या, खाचरं मजुरीनं लावू लागले, सावडच राहिली नाही तर पाळी कुठून राहणार. आता मी आणि मावशी, दोघंच. मावशीला गुडघे नाहीत आणि मला डोळे नाहीत. गेल्या पावसाळ्यात मुलं मोजली तर एक कमी. पुन्हा मोजली, एक कमी. चार वर्षांची पोर. मी भिजत धावत सुटलो. धरणाच्या कडेला पहारेकरी तिला खांद्यावर घेऊन येत होता. "मिस्त्री, तुमची का ही? पाण्यात खडं टाकीत बसली हुती." त्यानं हसून सांगितलं. मी तिथेच चिखलात बसलो. जी एक गोष्ट होऊ नये म्हणून तुम्ही हे घर उघडलंत, तीच माझ्या हातून होता होता राहिली. हे मी तिच्या आईला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

आता मुख्य गोष्ट. पंधरा दिवसांमागे एक तरुण बाई आल्या. मी त्यांना ताई म्हणतो. पुण्याला लहान मुलांना शिकवण्याचं रीतसर शिकलेल्या आहेत, देश स्वतंत्र झाला, आता गावोगाव बालघरं निघाली पाहिजेत म्हणतात. त्यांची संस्था आहे. मला वाटलं, उंच खुर्चीवर बसून वही काढतील. त्या सरळ फळ्यांवर मांडी घालून बसल्या. मुलं थोडा वेळ लाजली, मग जवळ सरकली. थंडीचे दिवस, दारातून उन्हाचा पट्टा आत आलेला. ताई शेजारच्या पोरीला म्हणाल्या, "चल गं, आपण दोघी हा चौरंग उन्हात नेऊ."

पोरगी म्हणाली, "त्यो हालत न्हाई."

"जड आहे का?"

"जड न्हाई. त्यो हितलाच हाय."

ताईंना कळेना. त्यांनी चौरंगाला हात घातला, उचलेना, म्हणून वाकून पाहिलं. मग दुसरा पाहिला. मग कपाट. गंजलेल्या खिळ्यांची डोकी बोटानं चाचपली. मी दारात उभा होतो आणि बाई, शपथ घेऊन सांगतो, इतक्या वर्षांत त्या घटकेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की ते लाकूड पातळ का ठेवायला लावलं होतंत.

"मिस्त्रीबाबा, हे कुणी ठोकलं?"

"म्या."

"का?"

"जाग्यावर ऱ्हावं म्हनून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "लाकूडकाम फार सुंदर आहे. पाय कुणाच्या मापानं घेतलेत?" मी सुतळीची हकिगत सांगितली. पेन्सिलीच्या आकड्यांची सांगितली, सावडीची सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "ही सावड परत बसवता येईल. बंगल्यांवर जाणाऱ्या बायकांच्या पाळ्या निराळ्या लावाव्या लागतील." मी इतकी वर्षं सावड गेली म्हणून रडतो आहे, आणि या मुलीला एका दुपारी सुचलं की आता लावणी नाही, बंगले आहेत, तर बंगल्यांच्या वेळा बघायच्या. तुम्ही आबांकडे पाठ करून बायकांना विचारलंत ना, त्याच दिवसाची मला आठवण झाली. त्या तुमच्यासारख्या दिसत नाहीत. ठेंगण्या आहेत, भराभर बोलतात. पण जे समोर आहे त्यातूनच त्या वाट काढतात. मला ते कधी आलं नाही. तुम्ही जिथे सोडलंत तिथेच मी पहारा देत उभा राहिलो.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. बालघर त्यांच्या हाती लिहून द्यायचं. त्या लोणावळ्याला राहतील, रोज येतील, जोडीला आणखी एक बाई येईल. मी वाटेल तेव्हा येऊन बसावं, मुलांना लाकूड घासायला शिकवावं, पण कारभार त्यांचा. मला नको असेल तर जबरदस्ती नाही. पण मग संस्था त्यांना दुसऱ्या गावी धाडेल आणि इथे पुन्हा कुणी येईल असं त्या सांगू शकत नाहीत. गावात विचारलं. आबांचा मुलगा आता कारभार बघतो. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं. बाईंनी तुमच्या हाती दिलीया." सगळे असंच म्हणतात. सगळ्यांनी मिळून मला त्यात कोंडून ठेवलं आहे आणि बाहेरून आदरानं कडी लावली आहे.

परवा ताई विचारायला आल्या, काय ठरलं? पुढचा पावसाळा माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. घ्या म्हणायला जीभ वळत होती. आणि तोंडातून काय निघालं? मी म्हटलं, "बाईंना इचारावं लागंल."

गावात आम्ही सगळेच असं बोलतो. फळी तुटली तरी बायका म्हणतात, बाईंना आवडायचं न्हाई. पण ताई नव्या. त्यांनी विचारलं, "त्या हयात आहेत? कुठे असतात?"

तेव्हा तरी खरं बोलायचं. मी म्हटलं, "पुन्याला."

त्यांचा चेहरा असा उजळला! "मग लिहा ना त्यांना! मलाही त्यांना भेटायचं आहे. मी शनिवारी येते, तोवर उत्तर येईल." आणि गेल्या, पायवाटेनं भराभर. मावशी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ताई दिसेनाशा झाल्यावर म्हणाली, "मिस्त्री, पत्र तुमी लिवाल. आता उत्तर बी तुमीच लिवणार का?"

मी तिच्यावर खेकसलो. पण बाई, मी तेही करून पाहिलं. काल दुपारी कोरा कागद घेतला. तुमचं वळण मला येतं, वाळूतल्या तुमच्याच अक्षरांवरून गिरवलेलं आहे. वर लिहिलं, "मिस्त्री," आणि तिथे थांबलो. मला ठाऊक होतं की तुमच्या अक्षरात मी "देऊ नका" असं लिहिणार. किल्ली कमरेला नसली तर सकाळी उठून मी कुठे जायचं, हे मला माहीत नाही, म्हणून लिहिणार. आणि तुम्ही तसं लिहिलं नसतंत, हेही मला ठाऊक होतं. तो कागद मी चुलीत घातला.

हे पत्रही कुठे जाणार नाही. पाकीट आणलं आहे, त्यावर काय घालू? तुमच्या भावांचं बिऱ्हाड कधीच हललं. तरी शनिवार दोन दिवसांवर आला. ताई दारात येऊन विचारतील, आलं का उत्तर, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला आणखी खोटं बोलवणार नाही. तुम्ही मला "मी येईपर्यंत" म्हणून बांधून गेलात, तर सोडवायलाही तुम्हीच पाहिजे. आपल्या हातानं सुटायची मला हिंमत होत नाही. दोन शब्द लिहा, एक लिहा, "द्या" एवढं पुरे. पण शनिवारच्या आत कळवा, बाई. लवकर कळवा.